कंबरेतला ‘गॅप’ आणि आखाड्यावरचं कुत्रं

आमच्याकडं दुखण्याला शब्द कमी नाहीत. जखम ठणकते, दाढ ठसठसते, कान सणकतो, पोटात कळ येते, पाठीत चमक निघते, काटा सलतो, तळव्यांची आग होते, दिवसभर खुरपलं की मांड्यांना रग लागते आणि ओझं उचलताना कंबरेत उसण भरते. ‘पेन किती आहे?’ असं विचारलं तर बायका सरळ सांगतात, ‘पेन न्हाई, नुस्ती रग हाय.’ इतकी बारीक पारख असलेली माणसं एका वाक्याला मात्र अडतात. ‘या दुखण्याचा थोडा मनाशीही संबंध आहे’ एवढं म्हटलं की समोरचं माणूस तोंड फिरवतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडं येणारी बहुतेक माणसं बीड-लातूरच्या शिवेवरच्या गावांतली. काही वर्षांपूर्वी धारूरकडच्या एक मावशी आल्या (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलतेय). साडीच्या दुकानाची पिशवी त्यांनी टेबलावर पालथी केली. दोन एमआरआय, पाच-सहा एक्स-रे, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची रबर लावलेली गड्डी. कंबरेला पट्टा, घामानं काळा पडलेला. वय पंचेचाळीसच्या आसपास, त्यातले वीसेक हंगाम ऊसतोडीचे. दोन वर्षांपूर्वी फडात मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या शिडीवर चढताना उसण भरली, ती गेलीच नाही. एका दवाखान्यात सांगितलं, मणक्यात गॅप आहे. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, गादी सरकलीय, नस दबलीय; वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, ओझं तर अजिबात नाही. तिसऱ्या ठिकाणी रिपोर्ट बघून सांगितलं, काही विशेष नाही, मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका.

मावशींचा सगळ्यात जास्त राग तिसऱ्यावर होता. ‘मनाचं म्हंजे? म्या सोंग करायलेय व्हय?’

नाही. सोंग नाही, भ्रम नाही, बाहेरची बाधा तर नाहीच. दुखणं शंभर टक्के खरं. तरीही त्यावरचे जे उपाय मानसशास्त्रातून आलेत ते अशा कंबरेला उपयोगी पडतात. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे मावशींना समजवायला मला तीन भेटी लागल्या.

खिळा आणि धसकट

१९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटी नोंद आली होती. बांधकामावरच्या २९ वर्षांच्या एका कामगारानं उडी मारली ती नेमकी १५ सेंटीमीटरच्या खिळ्यावर. खिळा बुटाच्या तळातून शिरून वर आलेला. खिळ्याला जरा धक्का लागला तरी असह्य वेदना, म्हणून त्याला गुंगीचं आणि जबर वेदनाशामक औषध द्यावं लागलं. बूट काढला तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला. पायाला ओरखडाही नाही.

उलटा अनुभव आपल्या शिवारात रोजचा. तूर कापताना पायात शिरलेलं धसकट दिवसभर कळत नाही. रात्री पाय धुताना पाणी लाल दिसतं, तेव्हा कुठं ठणका सुरू होतो.

कामगाराला इजा नव्हती पण वेदना होती, तूर कापणाऱ्याला इजा होती पण वेदना नव्हती. म्हणजे इजा आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेकदा जोडीनं येतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. कातडी, स्नायू, सांधे यांच्यातून निघते ती फक्त धोक्याची खबर. त्या खबरीचं ‘दुखणं’ करायचं की नाही, करायचं तर केवढं, हे मेंदू ठरवतो. ठरवताना तो डोळ्यांनी काय दिसतंय, मागं काय घडलं होतं, डॉक्टर काय म्हणाले, उद्या कामावर जायचंय का, रात्री झोप झाली का, सगळं विचारात घेतो. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली आपली व्याख्या सुधारली, तीही अशीच आहे: वेदना हा शरीराला आणि भावनेला एकाच वेळी येणारा नकोसा अनुभव आहे. तो प्रत्यक्ष इजेशी जोडलेला असेल, संभाव्य इजेशी असेल, किंवा नुसता इजेसारखा वाटणारा असेल.

खबर मेंदूपर्यंत जाते कशी, याचं एक चित्र १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं. मेल्झॅक मानसशास्त्रज्ञ, वॉल मज्जासंस्थेचे अभ्यासक. त्यांचं म्हणणं असं की पाठीच्या कण्यात एक दार आहे. मी मावशींना दार न म्हणता गावाची वेस म्हटलं. वेशीवर जागल्या बसलाय. बाहेरून खबर आली की तो आत सोडायची की अडवायची ते बघतो. कोपर आपटल्यावर आपण चोळतो, तेव्हा स्पर्शाच्या जाड तंतूंची गर्दी वेशीवर होते आणि दुखण्याची खबर मागं राहते. शिवाय पाटलाच्या वाड्यातून, म्हणजे मेंदूतून, जागल्याला वरून हुकूम येतात: ‘आज सगळं अडव’ किंवा ‘आज पान हललं तरी कळव’. भीती, चिंता आणि जागरण यांमुळं दुसरा हुकूम निघतो. पुढच्या संशोधनात या चित्रातले बारकावे बदलले, पण वरून हुकूम येतात हा गाभा टिकला.

तो हुकूम नुसता कल्पनेतला नसतो, त्यामागं रसायनं असतात. १९७८ मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. औषध नसलेलं नुसतं इंजेक्शन घेऊन ज्यांना आराम वाटला होता, त्यांना अफूचा परिणाम अडवणारं नॅलोक्झोन दिल्यावर तो आराम ओसरला. म्हणजे भरवशानं मिळालेल्या आरामात शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्यं सोडत होतं. आपल्याकडं ‘डॉक्टर, एक सलाईन लावा’ म्हणणारा माणूस बाटली संपता संपता टवटवीत होतो, त्याला हसण्याआधी हा प्रयोग आठवावा.

आता कुत्र्याचं. आमच्याकडं शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. आखाड्यावर राखणीला कुत्रं असतं. एका रात्री चोर येतो, पाण्याची मोटार उचलून नेतो. त्या रात्रीपासून कुत्रं पाचोळा वाजला तरी भुंकतं, घरच्या माणसावरही गुरगुरतं. कुत्रं खोटं भुंकत नाही, त्याचा आवाज खराच असतो. फक्त आता ते चोर आणि पाचोळा यांत फरक करेनासं झालंय. जुनाट दुखण्यात मज्जासंस्थेचं हेच होतं. मूळ इजा भरून येते, पण कण्यातल्या आणि मेंदूतल्या पेशी इतक्या हुळहुळ्या होतात की साधं वाकणंही धोका म्हणून नोंदलं जातं. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या किंवा सारख्या उलटणाऱ्या दुखण्याला जुनाट म्हणतात. २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या जागतिक वर्गवारीत त्याला स्वतःची जागा आहे.

गोळ्या या कुत्र्याला थोडा वेळ झोपवतात. कधीकधी ते गरजेचंही असतं. पण उन्हात, कमी पाण्यावर राबणाऱ्या माणसानं महिनोन् महिने रोज दुखण्याच्या गोळ्या खाणं म्हणजे मूत्रपिंड आणि पोट दोन्ही गहाण टाकणं. मावशींच्या त्या रबर लावलेल्या गड्डीकडं बघून मला हीच धास्ती वाटली, आणि पहिल्याच दिवशी रक्ताची तपासणी करून आणायला लावली.

‘गॅप’ म्हणजे काय

हा शब्द आमच्या भागात कुणी आणला ठाऊक नाही, पण त्यानं फार नुकसान केलंय. ‘गॅप’ म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढं दोन मणक्यांत पडलेली फट येते. जरा वाकलं की वरचा भाग निखळून पडेल अशी. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याचा अर्थ उलटाच असतो: मणक्यांमधली गादी वयानं थोडी दबलीय, अंतर कमी झालंय. गादी ‘सरकत’ही नाही, ती वर-खाली मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. तिचा काठ फुगतो किंवा आतला भाग बाहेर येतो, आणि पुष्कळदा काही महिन्यांत तो आपोआप आकसतो.

२०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. ३३ अभ्यासांमधल्या ३,११० माणसांचे मणक्यांचे स्कॅन त्यात एकत्र केले होते, आणि यांतल्या एकाचीही कंबर दुखत नव्हती. तरी विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, पन्नाशीतल्या ८० टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. गादी फुगलेली तर विशीतच ३० टक्क्यांची. मावशींना मी आकडे सांगितले नाहीत. त्यांच्या खुरप्याबद्दल विचारलं. ‘किती वर्षांचं?’ ‘लई जुनं. पातं निम्मं झालंय घासून.’ ‘गवत कापतं का?’ त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

हे ‘समजावून सांगणं’ हासुद्धा उपचाराचा भाग आहे. नुसतं समजून दुखणं थांबत नाही, पण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. आपल्या मणक्यात फट आहे असं मानणारं माणूस व्यायाम करतच नाही, आणि केला तरी श्वास रोखून, अंग ताठ करून करतं.

पात मोजायची, दुखणं नाही

विल्बर्ट फोर्डाइस नावाचे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत सिॲटलच्या विद्यापीठात होते. १९६०च्या दशकात त्यांनी एक साधी गोष्ट हेरली. दुखलं की गोळी, दुखलं की विश्रांती, दुखलं की घरच्यांचं लक्ष, असा क्रम लागला की शरीर तो क्रम शिकतं. त्यांनी तो उलटा केला. औषध ठरलेल्या वेळेला, दुखो न दुखो. व्यायाम ठरलेल्या मापाचा, दुखो न दुखो. विश्रांती माप पूर्ण झाल्यावर. आज जगभर पुनर्वसनात ज्याला ‘पेसिंग’ म्हणतात त्याचा पाया हा.

मावशींचा नेम याच्या बरोबर उलटा होता, आणि आपल्याकडं जवळपास सगळ्यांचाच असतो. ज्या दिवशी बरं वाटलं त्या दिवशी साचलेलं सगळं उरकायचं. गोठा, गोधड्या, सरपण, सोयाबीनची निवडणी. मग दोन दिवस खाटेवर. तिसऱ्या दिवशी थोडं बरं, की पुन्हा झोडपणं. अशानं एकीकडं अंगातली ताकद उतरत जाते, दुसरीकडं मेंदूला दर वेळी नवा पुरावा मिळतो: बघा, काम केलं की दुखतंच.

आम्ही खुरपणी निवडली. उकिडवं बसून किती वेळ जमतं ते आठवडाभर त्यांच्या लेकीनं वहीत लिहिलं: १०, २५, १५, ८, २०, १८, १६ मिनिटं. सरासरी १६. त्याच्या पाऊणपट, म्हणून आम्ही १२ मिनिटं धरली. आता शेतात घड्याळ कोण बघणार? सोबत आलेल्या जाऊबाईंनीच तोडगा काढला: बारा मिनिटांत अर्धी पात (एकीच्या वाट्याचा खुरपायचा पट्टा) होते. ठरलं. अर्धी पात झाली की उठायचं, बांधापर्यंत जाऊन यायचं, मग उरलेली अर्धी. दर आठवड्याला पात चार हात पुढं न्यायची.

यातला अवघड नियम एकच: दुखत नसतानाही उठायचं. मावशींना ते पटेना. ‘चांगली हाय तवर करू द्या की!’ शिवाय रोजानं लागलेल्या बायकांत एकटी मध्येच उठून चालायला लागली की टोमणे येतात. ‘आल्या बघा मुकादमीण’ असं दोन आठवडे ऐकावं लागलं. पुस्तकात हा अडथळा लिहिलेला नसतो. आमच्याकडं निम्मी फिजिओथेरपी या टोमण्यांपाशी संपते. शेवटी जाऊबाईंनाही सोबत उठायला सांगितलं. दोघी उठल्या की टोमणे आपोआप कमी झाले.

या नियमाचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण वारीचं. वर्षभर गुडघे धरून बसणाऱ्या आज्या पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जातात, आणि लोक म्हणतात, विठ्ठलाची कृपा. कृपेबद्दल मी बोलणार नाही. पण वारीत मुक्काम आधीच ठरलेले असतात हे बघा. पाय दुखले म्हणून मुक्काम अलीकडं येत नाही, हुरूप आला म्हणून पलीकडं जात नाही. विसावा ठरलेल्या ठिकाणी. चाल टाळाच्या ठेक्यावर, लक्ष अभंगात, सोबतीला दिंडी, आणि चालण्याला अर्थ. वेदनेच्या पुस्तकातली निम्मी प्रकरणं यात आली. (आधी महिनाभर चालायची सवय न करता थेट वारीला गेलेल्या आज्या परत आल्यावर सुजलेले गुडघे घेऊन माझ्याकडंच येतात, हेही नोंदवते.)

‘पाय जातील’

खुरपणी जमायला लागली तरी मावशी कंबरेतून वाकत नव्हत्या. खाली पडलेला चमचा उचलायलाही लेकीला हाक. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलं होतं की नस आणखी दबली तर पाय जातील. तेव्हापासून प्रत्येक वाकण्यात त्यांना लुळे पाय दिसत.

योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनी २००० साली या भीतीच्या चक्रावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. दुखतं, त्याचा भयंकर अर्थ लावला जातो, माणूस ती हालचाल टाळतं, टाळल्यानं अंग आखडतं, जीव उदास होतो, आणि मग थोड्यानंही जास्त दुखतं. कित्येकदा माणसाला जखडून ठेवण्यात दुखण्यापेक्षा दुखण्याच्या भीतीचा वाटा मोठा असतो. यावरचा उपाय म्हणजे भीतीच्या पायऱ्या करून एकेक चढणं. युरोपात त्यासाठी रोजच्या कामांचे फोटो दाखवून ‘यानं कंबरेला किती धोका?’ असं विचारतात. मी चिठ्ठ्या केल्या: चमचा उचलणं, चुलीपुढं बसणं, अर्धी बादली, भरलेली घागर, नातवाला कडेवर घेणं, शेणाची पाटी, एसटीत शेवटच्या सीटवर बसणं, मोळी. मावशींनी त्या भीतीच्या क्रमानं लावल्या. एसटीची शेवटची सीट मोळीच्या फक्त एक नंबर खाली आली. रस्ते पाहता मी वाद घातला नाही.

मग प्रत्येक चिठ्ठीआधी दोन प्रश्न. १० पैकी किती दुखेल? आणि काय होईल? अर्ध्या बादलीला उत्तर आलं: ‘९. आणि पायात मुंग्या येऊन पाय जातील.’ उचलली. दुखलं ६. पाय जागेवर. पुन्हा उचलली, ५. इथं दुखणं किती कमी झालं हे बघायचंच नसतं. ‘पाय जातील’ हे भाकीत खोटं ठरलं का, एवढंच बघायचं. कुत्र्याला दहा वेळा पाचोळ्यापर्यंत नेऊन हुंगायला लावण्यासारखं आहे हे. नुसतं ‘घाबरू नका’ म्हणून काम भागत नाही.

या विचारांना मोजायचं एक साधनही आहे. मायकल सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये १३ वाक्यांची एक प्रश्नावली केली. प्रत्येक वाक्याला ० ते ४, कमाल ५२. त्यात तीन गोष्टी पाहतात: दुखणं सारखं मनात घोळतं का, ते राईचा पर्वत होऊन दिसतं का, आणि ‘आता काही होणार नाही’ म्हणून हात टेकलेत का. मला हे साधन उपयोगी वाटतं, पण आपल्या भागात ते जपून वापरावं लागतं. मुकादमाची उचल, म्हणजे तोडीआधी घेतलेले आगाऊ पैसे, अंगावर असलेली बाई म्हणते, ‘कंबर बसली तर घर बसंल.’ यात राईचा पर्वत कुठंय? तोडीला एक दिवस खाडा पडला तर पैसे कापले जातात, हे खरंच आहे. विचारांवर काम करताना हे दोन धागे सोडवावे लागतात. कर्जाची काळजी खरी आहे, तिच्यावर उपाय व्यवहाराचा: घरात बोलणं, कामाची वाटणी, मुकादमाशी बोलणं. ‘पाय जातील’ ही भीती तपासून बघण्याची. पहिलीला दुसरीसारखं हाताळलं तर पेशंट पुन्हा येत नाही, आणि तो बरोबर असतो.

घरातली माणसं

फोर्डाइस यांचं तिसरं निरीक्षण घरच्यांबद्दलचं, आणि ते मला सगळ्यात पटलेलं. काही घरांत ‘तू बस आई, मी करते’ म्हणत माणसाच्या हातातून प्रत्येक काम काढून घेतात. काही घरांत ‘हिची नाटकं सुरू झाली’ म्हणतात. पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात कुजकेपणा, पण दोन्हीकडं माणूस खाटेवरच राहतं. लेकीला मी एवढंच सांगितलं: सकाळी ‘आज कसं दुखतंय?’ विचारू नको, संध्याकाळी ‘आज किती पाती झाल्या?’ विचार. कण्हल्यावर धावत जाऊ नको, आणि घागर आणली की बघितल्याचं कळू दे.

किल्लारीच्या बाजूच्या काही म्हाताऱ्या बायका आपलं दुखणं कधीपासून, या प्रश्नाला ‘भूकंपापासून’ असं उत्तर देतात. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. त्यांतल्या काहींना तेव्हा मारही लागला नव्हता. मोठा आघात आणि जुनाट वेदना एकमेकांना धरून राहतात, हे अभ्यासातूनही दिसलंय. ट्रक धडधडत गेला की ज्यांचं अंग आजही ताठतं, त्यांची मान दुखणारच. अशा वेळी व्यायामाआधी मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवणं हेच फिजिओचं काम.

बाकीची साधनं थोडक्यात. एकेक स्नायू आवळून सोडायची पद्धत एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात बसवली. रात्री अंथरुणात दहा मिनिटं, पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत; शिकायला सोपी आणि फुकट. सावकाश श्वास, सोडताना लांब. झोप नीट नसेल तर आधी झोपेवर काम करायचं, कारण जागरणानं दुसऱ्या दिवशीचं दुखणं वाढतं. दुखण्याशी भांडण न करता त्याच्याकडं नुसतं बघायला शिकवणाऱ्या पद्धतीही आहेत. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट आजारी लोकांसाठी असा वर्ग सुरू केला. त्याची मुळं बौद्ध ध्यानात आहेत. इगतपुरीचं विपश्यना केंद्र त्याआधीचं, १९७६चं. ‘हे तर आपलंच’ म्हणून छाती फुगवायला हरकत नाही, पण रोज बसणारे माझ्या पाहण्यात फार थोडे.

मळणी यंत्रात हात गेलेल्या माणसाला नसलेल्या बोटांत कळा येतात. ‘बोटंच न्हाईत तर दुखतंय काय?’ असं घरचे विचारतात. मेंदूतल्या नकाशात ती बोटं अजून आहेत. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात यासाठी साधा आरसा वापरला. शाबूत हात आरशापुढं हलवायचा, आरशात दुसरा हात हलताना दिसतो, आणि काहींची आवळलेली, नसलेली मूठ सैल होते. सगळ्यांना गुण येत नाही. पण खर्च आरशाएवढाच, म्हणून मी करून बघते.

आता या सगळ्याचा उपयोग किती? २०२० मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं ७५ अभ्यास आणि नऊ हजारांहून जास्त रुग्ण तपासले. विचार आणि वागणं यांवर काम करणाऱ्या उपचारानं वेदना, अडचण आणि मनस्ताप तिन्ही कमी झाले, पण थोडेच. मी पेशंटला हे आधीच सांगते. दहाचं दुखणं शून्यावर आणून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा, मग तो फिजिओ असो, बाबा असो की यूट्यूबवरचा डॉक्टर. सातचं पाचवर येतं, कधी सातच राहतं, पण पाचच दिवस कामाला जाणारं माणूस वीस दिवस जायला लागतं.

यातलं काहीही सुरू करण्याआधी काही गोष्टी तपासायला हव्यात. लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद उतरत जाणं, ताप आणि वजन घटण्यासोबत रात्री वाढणारं दुखणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, मोठ्या अपघातानंतरची कंबर. यांतलं काहीही असलं तर आधी डॉक्टर, आणि पहिल्या दोन गोष्टी असतील तर त्याच दिवशी. आपल्याकडं मणक्याचा क्षयरोग आजही सापडतो. त्याला ‘मनाचं’ म्हणून सोडणं हा गुन्हा आहे. खूप उदास वाटत असेल, जगणं नकोसं होत असेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस हेल्पलाइनच्या नंबरवर कुठल्याही वेळी फुकट बोलता येतं, मराठीतही. वेदनेवर काम करणारे मानसतज्ज्ञ आपल्या भागात बोटांवर मोजण्याइतके. पण जिल्हा रुग्णालयात आणि छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहे. तिथं जायला वेडं असावं लागत नाही.

मावशी चार महिने आल्या. चिठ्ठ्यांतली मोळी शेवटपर्यंत उचलली नाही. त्याआधीच दसरा आला आणि टोळी निघाली. ट्रक भरताना त्यांनी मोळ्या बांधायच्या आणि शिडी नवऱ्यानं आणि दिरानं चढायची, एवढं मुकादमाशी बोलून ठरवून गेल्या. महिन्याभरानं फडातून फोन आला.

‘दुखतंय का?’ मी विचारलं. नको तोच प्रश्न; सवय.

‘दुखतंय की. कालबी दुखत व्हतं. मोळ्या चालू हाईत.’ मागं कुणाचं तरी लेकरू रडत होतं. ‘मॅडम, एक इचारायचं व्हतं. त्यो पट्टा कोपीतच पडून ऱ्हायलाय. धाकट्या जावंला देऊ का?’

‘तिला कशाला?’

‘तिलाबी गॅप निघालाय म्हणं.’